घराच्या मागची बाजू

नदीचं पाणी बाटलीत भरलं की ढोले सर ओंजळभर पाणी वेगळं घ्यायचे आणि हुंगायचे. त्यांच्याबरोबर काम केलं तेवढी सगळी वर्षं मी हे सहन केलं. आमची पाणी तपासणीची प्रयोगशाळा कळमनुरीत, एका जुन्या कचेरीच्या मागच्या दोन खोल्यांत. माझ्याकडे रसायनाचं टेबल, म्हणजे पाण्यात नायट्रेट किती, फॉस्फेट किती, क्षार किती. सरांकडे जंतूंचं. ज्या पाण्यात संडासातले जंतू असल्याचा संशय आहे ते नाकाजवळ नेऊ नये, हे खरं तर जंतूंच्या माणसानं मला शिकवायचं. "सर, निदान मास्क तरी लावा," मी म्हणायची. "मंग वास कसा येईल ताई?" ते विचारायचे, आणि तेही इतक्या प्रामाणिकपणे, की पुढं बोलायचं माझ्या जिवावर यायचं.

लिंबाजी ढोले हे त्यांचं नाव. उंच, खांद्यात वाकलेले. गळ्यात पंचा, पँट पोटरीपर्यंत दुमडलेली, आणि पायात रबरी चप्पल. नदीत ती वाहून जाऊ नये म्हणून सुतळीनं घोट्याला बांधलेली. पहिल्यांदा बघणाऱ्याला हा माणूस साहेब आहे हे सांगावं लागायचं, आणि सांगितलं तरी तो एकदा माझ्याकडे बघून खात्री करून घ्यायचा.

आमच्या धंद्यात एक सोयीचं वाक्य आहे: 'पाणी पिण्यास अयोग्य.' नमुना येतो, तपासला जातो, हे वाक्य टंकलं जातं आणि सगळे आपापल्या घरी जातात. ढोले सरांना हे वाक्य डाचायचं. "अयोग्य हाय ते गावाला बी म्हाईत हाय," ते म्हणायचे. "लेकरं हगवणीनं पडून राहिलीत, त्याहून मोठा रिपोर्ट कोणता? कुठून आलं ते सांगा." आणि ते शोधायची त्यांची रीत एकच होती. जिथं पाणी खराब निघालं तिथून नदीच्या उलट दिशेनं चालत सुटायचं. वाटेत जो ओढा, जी नाली, जे गटार मिळेल, त्याच्या खाली एक बाटली आणि वर एक बाटली. खालची खराब आणि वरची चांगली निघाली, तर चोर त्या दोघींच्या मधे. दोन्ही खराब निघाल्या, तर सर पंचानं मान पुसायचे आणि म्हणायचे, "वर चला." हे 'वर चला' ऐकलं की मी ओढणी डोक्याला गुंडाळायची. ऊन, काटेरी बाभळी, गुडघाभर चिखल, आणि पुढं चालणारा हा माणूस, ज्याला भूक लागत नाही.

कचेरीची जीप बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी कामाला गेलेली असायची. मग आम्ही एसटीनं. बर्फात ठेवलेल्या बाटल्यांचा डबा सर मांडीवर घेऊन बसायचे, खाली ठेवायचे नाहीत. एकदा वारंगा फाट्यावर गाडी बदलली, तर नव्या गाडीतल्या कंडक्टरनं डब्यातून गळणारं पाणी बघितलं.

"काय हाय साहेब, मासे का?"

"न्हाई हो, पाणी हाय."

"पाणी? अन् ते घेऊन कुठं निघालात?"

"दवाखान्यात," सर म्हणाले. "त्याला बरं न्हाई."

गाडी हसली. सर हसले नाहीत. विनोद केला हे त्यांना कळलंच नव्हतं बहुधा. नमुना वेळेत पोचला नाही तर जंतू वाढतात आणि सगळी मेहनत फुकट जाते, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

या माणसाला आयुष्यात एकाच गोष्टीचा अभिमान होता, आणि ती गोष्ट होती जांभळवाडी. गाव कयाधूला मिळणाऱ्या एका लहानशा नदीच्या काठावर. आजूबाजूला हळद आणि ऊस. मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधी सरांची नेमणूक स्वच्छतेच्या मोहिमेवर झाली होती. तेव्हा पथकं पहाटे शिट्ट्या घेऊन नदीवर जायची आणि बसलेल्या माणसांना उठवायची. सरांनी शिट्टी घ्यायला नकार दिला. "बाईमाणूस बसलेलं असतंय अन् आपुन शिट्टी वाजवायची? घरी शिकवलं न्हाई का आपल्याला?" ते घरोघर जाऊन ओसरीवर बसायचे. मथुराबाई म्हणून एक विधवा म्हातारी होती, घरामागं तिचा हळदीचा तुकडा. तिच्या परसात सरांनी स्वतः कुदळ मारून गावातल्या पहिल्या संडासाचे खड्डे खणले. दोन खड्डे, विटांच्या जाळीचे, पाणी जमिनीत मुरवणारे. एक भरला की तो बंद करायचा आणि दुसरा चालू करायचा. बंद खड्ड्यातल्याची वर्ष-दोन वर्षांत माती होते. मथुराबाईचं बघून शेजारणीनं बांधला, तिचं बघून पुढच्या गल्लीनं, असं करत अख्खं गाव झालं. वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशी पाटी लागली, सरांच्या गळ्यात हार पडला. तेव्हापासून जांभळवाडीत त्यांना जावयासारखा मान. गेलं की मथुराबाईच्या हातचा चहा, तोही मूठभर साखरेचा. "लिंबाजी, वाळून चालला रे बाबा," ती दर वेळी म्हणायची, आणि सर दर वेळी लाजायचे.

म्हणूनच त्या गावातून तक्रार आली तेव्हा सरांनी तो कागद दोनदा वाचला. नदी हिरवी पडली होती. काठाला साय धरल्यासारखं शेवाळ, वरून वास. नळाच्या योजनेची विहीर नदीपात्राला लागूनच, आणि गावातली लेकरं आळीपाळीनं दवाखान्यात. गावानं गुन्हेगार आधीच धरून ठेवला होता. बिरमाजी धनगर. बिरमाजी काही परका नव्हता. त्याचं घर, थोडीशी जमीन त्याच गावात होती. पण त्याचा मेंढवाडा नदीच्या काठावर, गावाच्या वरच्या अंगाला. हंगामात हेच गाव त्याला बोलावून घ्यायचं, रानात मेंढरं बसवायला, खतासाठी. आता ग्रामसभेत ठराव येणार होता, की मेंढवाडा काठावरून कायमचा उठवावा. काठ सुटला तर पाणी सुटलं, आणि पाणी सुटलं तर मेंढरं विकण्याशिवाय बिरमाजीला इलाज नव्हता.

आम्ही गेलो तेव्हा तो मेंढवाड्याजवळ काठीला टेकून उभा होता. "साहेब, तुमची बाटली जे म्हणंल ते म्हणंल," तो म्हणाला. "पण एक सांगा, लेंड्या सदा पडत आल्या, माझ्या आज्याच्या टायमाला बी पडायच्या. तवा न्हाई हगवण लागली. आताच काहून?"

सरांनी मान डोलावली. उन्हाळ्याचे दिवस होते, पावसाचा थेंब नव्हता. "कोरड्या दिवसांत लेंड्या उठून नदीत चालत जात न्हाईत," ते मला म्हणाले. "पावसात जातील. आज काय निघतंय ते बघू." मेंढवाड्याच्या वर एक बाटली घेतली, खाली एक घेतली, मग गावाच्या कडेनं येणाऱ्या नाल्याच्या तोंडाशी, मग विहिरीजवळ. जंतू असले की काळी पडते ती छोटी तपासणी-बाटलीही प्रत्येक ठिकाणी भरली. दुसऱ्या दिवशी मेंढवाड्याच्या वरची आणि खालची, दोन्ही स्वच्छ होत्या. नाल्याच्या तोंडाची डांबरासारखी काळी. विहिरीजवळचीही काळी.

हिरवेपणाचं उत्तर माझ्या टेबलावर निघालं. ऊस आणि हळदीच्या रानांखाली नायट्रेट चढलेलं होतं. सढळ हातानं टाकलेला युरिया पाटाच्या पाण्याबरोबर नदीत उतरत होता. पण नाल्याच्या तोंडाशी नायट्रेटबरोबर फॉस्फेटही उडी मारून वर गेलेलं, तेवढं नुसत्या खतानं होत नाही, त्याला घरांचं सांडपाणी लागतं. मी कागद सरांपुढं ठेवला. त्यांनी तो बघितला आणि पंचा हातात घेतला, पण मान पुसली नाही.

"वर चला," ते म्हणाले.

वर म्हणजे नाल्यानं गावात. नाला गल्लीच्या मागून जात होता. घरांच्या पुढून सगळं छान होतं. रंगवलेले संडास, दारावर फुलं काढलेली. मागं मात्र प्रत्येक घराच्या भिंतीतून एक पाइप नाल्याकडे गेलेला, वर फरशी झाकलेली. सरांनी एक फरशी उचलली आणि पुन्हा ठेवली. मथुराबाईचं घर सोडलं तर गावात कुणीच दोन खड्डे खणले नव्हते. सगळ्यांनी टाक्या बांधल्या होत्या. मोठ्या, सिमेंटच्या, खोलीएवढ्या. टाकी जितकी मोठी तितकं घर तालेवार. आणि ती कधीच भरू नये, कधीच उघडायला लागू नये, म्हणून वरच्या अंगाला पाइप. खड्डा उपसायचा कुणी, या प्रश्नाला गावानं शोधलेलं ते उत्तर होतं. ज्या कामाचा विषय निघाला की पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या वस्तीकडे बोट जायचं, ते काम आता नदी करत होती.

खात्री करायची म्हणून सरांनी सरपंचांच्या परवानगीनं त्यांच्याच संडासात हिरवा रंग ओतला, वर बादल्या-बादल्या पाणी. सरपंच हसत होते. "साहेब, आमची टाकी गावात सगळ्यात मजबूत हाय," ते म्हणाले. त्या दिवशी काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही नाल्याच्या तोंडाशी बसलेलो असताना दगडांच्या मधून पोपटी धार आली. आधी बारीक, मग ठसठशीत. बायका धुणं टाकून बघायला लागल्या. जे शोधत होतो ते सापडलं की माणसाला बरं वाटतं. सर मात्र दगडावर बसून राहिले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "मोहिमेच्या टायमाला मी एकेक घर फिरलो ताई. दार उघडून बघितलं, भांडं बघितलं, फोटो काढला. घराच्या मागं एकदा बी गेलो न्हाई."

मला त्यांचा राग आला आणि दयाही. मी बाटल्या मोजत बसले.

त्यांना गप्प राहता आलं असतं, हे इथं सांगायला हवं. ठराव होणारच होता, बिरमाजीच्या बाजूनं कुणी नव्हतं, आणि सरांची निवृत्ती जवळ आली होती. वरच्या साहेबांनीही फोनवर सुचवलं होतं, की अहवालात 'विविध स्रोत' लिहा आणि मोकळे व्हा. सर ग्रामसभेला गेले. शाळेच्या व्हरांड्यात टेबल होतं, त्यावर त्यांनी बाटल्या नदीच्या क्रमानं ओळीत मांडल्या. मेंढवाड्याची स्वच्छ, नाल्याची काळी.

"मेंढरांचं बी सांगतो," ते म्हणाले. "पावसाळ्यात त्यांची घाण नदीत येणार. बिरमाजीनं वाडा काठापासून जरा मागं सारायला पायजे. उसाला तुमी युरिया टाकून राहिले, त्यानं नदी हिरवी झाली. अन् लेकरं ज्यानं आजारी पडली, ते आपल्या संडासातून येऊन राहिलं."

व्हरांडा पेटला. "आता तुमी म्हणून राहिले?" एकजण ओरडला. "हार कुणी घालून घेतला? पाटी कुणी लावली?"

"मीच," सर म्हणाले. "काम माझं हाय. चूक बी माझी हाय."

मागून मथुराबाई उठली. तिचा आवाज चढलेला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. "मंग आमी काय पुन्हा नदीवर जाऊन बसावं का लिंबाजी? म्हातारपणी?"

सरांचा चेहरा उतरला. "न्हाई मावशी. मागची बाजू दुरुस्त करू. टाकीचं पाणी शोषखड्ड्यात सोडू. बरोबर खड्डा असला की त्याची मातीच होती."

"माती होती म्हनं," सरपंच म्हणाले. "अन् ती काढणार कोण?"

ज्याला त्याला बाहेर काहीतरी दिसायला लागलं. ठराव त्या दिवशी झाला नाही, पुढंही झाला नाही. बिरमाजीचा काठ राहिला. त्यानं वाडा मागं सारला, मुकाट्यानं. पण पाइप तसेच राहिले. आणि मथुराबाईच्या ओसरीवरचा चहा बंद झाला. सर दर महिन्याला नमुने घ्यायला जायचे, तिच्या दारावरून जायचे, ती सुपातले दाणे निवडत राहायची. परतीच्या गाडीत ते डबा मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसायचे. गुडघे धरायला लागले होते. "एक तरी पाइप निघायला पायजे होता ताई," एवढंच म्हणायचे. मला थकवा यायचा तो चालण्याचा नव्हता. तीच काळी बाटली, तोच कागद आणि तेच वाक्य पुन्हा टंकायचं, याचा यायचा.

त्यांच्या निवृत्तीच्या थोडं आधी बिरमाजीचा फोन आला. मथुराबाईचा निरोप होता. तिचा दुसरा खड्डाही भरला होता. पहिला कधीचा बंद केलेला, पण तो उघडायला कुणी तयार नाही. मुलगा पुण्याला, गवंड्यानं पाइप आणून ठेवलाय. निरोप जसाच्या तसा असा: लिंबाजीला सांगा, यायचं तर ये, न्हाईतर पाइप बसतो.

आम्ही पहिल्या गाडीनं गेलो. त्या दिवशी घेतलेल्या पाण्याचं काय झालं ते आधीच सांगून टाकते: बाटली काळीच निघाली. एका घरानं नदी सुधारत नाही. मी बाटली दाखवली तेव्हा सर म्हणाले, "बराबर हाय. बाजूच्या घराचं बघा आता." ते आता नांदेडला मुलीकडे असतात, आणि अजून फोन केला की तब्येतीचं विचारायच्या आधी जांभळवाडीचं विचारतात. पण मला ते आठवतात ते त्या दुपारचे.

परसात गवंडी पाइपावर बसलेला. शेजारीपाजारी अंतर राखून, नाकाला पदर, रुमाल. मथुराबाई जोत्यावर. सरांनी पहिल्या खड्ड्याचं झाकण सरकवलं, पँट वर दुमडली, चपलेची सुतळी घट्ट केली आणि आत उतरले. मी "सर, गुडघे" म्हणेपर्यंत ते आत उभे. फावड्यानं टोपलं भरून त्यांनी काठावर ठेवलं. काळसर, भुसभुशीत, पावसाआधीच्या रानातल्यासारखं. त्यांनी मूठभर घेऊन सवयीनं नाकाला लावलं. मग हात माझ्याकडे केला.

"ताई, बघा."

इतकी वर्षं ज्यासाठी त्यांच्यावर चिडले, ते मी केलं. मातीचाच वास होता. मी ती मूठभर माती मथुराबाईकडे नेली. तिनं ती बराच वेळ बघितली, बोटांत चोळली आणि हुंगली.

"कायीच वास न्हाई की रे," ती म्हणाली. मग गवंड्याकडे वळून, "पाइप घेऊन जा तुझा." तिनं टोपलं उचललं, मागच्या हळदीच्या सऱ्यांवर नेऊन ओतलं आणि रिकामं घेऊन आली. पुन्हा भरलं, पुन्हा नेलं. लोक बघत होते. एकानंही पाऊल पुढं टाकलं नाही.

खड्डा मोकळा झाला आणि मग सरांना वर येता येईना. गुडघा वाकेना. त्यांनी दोन्ही हात काठावर टेकवले, एकदा जोर लावला, पुन्हा खाली गेले. हात, सदरा, चेहरा, सगळं त्या मातीनं माखलेलं. त्यांनी एक हात वर केला. गावाच्या पुरुषांकडे केला, ते जवळ होते. कुणी हलेना. ज्यांनी त्यांच्या गळ्यात हार घातला होता तीच माणसं उभी होती, आणि त्या हाताकडे बघून त्यांनी आपापले हात मागं घेतले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी धावले, पण माझ्या एकटीच्या ओढण्यानं ते येणार नव्हते.

मथुराबाईनं टोपलं खाली ठेवलं. वाकून ओढायचा जोर नव्हता तिच्यात, म्हणून ती काठावर चक्क बसली, पाय रोवले आणि सरांचं मनगट धरलं.

"वर ये लिंबाजी," ती म्हणाली. "चहा ठेवते."